एआय एजंटांची असेंब्ली लाइन उभारताय? शेवटच्या स्टेशनपासून सुरुवात करा

क्लॉड कोड, कोडेक्स किंवा जेमिनी सीएलआय अशा कोड लिहिणाऱ्या एआय एजंटशी एका खिडकीत बोलत बोलत कोड लिहून घेणं आता बऱ्याच जणांना जमतं. छोट्या कामाला ते पुरतंही. प्रोजेक्ट वाढला की मात्र ठरावीक दुखणी सुरू होतात. सकाळी सांगितलेला नियम संध्याकाळपर्यंत एजंटच्या लक्षात राहत नाही. एक बग काढताना दुसरीकडे काहीतरी मोडतं. आणि त्यानेच लिहिलेला कोड त्यालाच तपासायला दिला, तर 'सगळं व्यवस्थित आहे' असं उत्तर येतं. यावर उपाय म्हणून कामाचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळा एजंट बसवायचा, ही पद्धत आता रुळते आहे. ती पहिल्यांदाच उभारणाऱ्यांसाठी हा लेख.

माझं मुख्य सांगणं आधीच सांगून टाकतो: एजंटांची ही ओळ (असेंब्ली लाइन) उलटीकडून बांधा. आधी तपासणी, मग मागणीपत्र (काय हवं ते नेमकं लिहिलेली फाइल), आणि कोड लिहिणारे एजंट सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात. पहिल्याच दिवशी पाच एजंट एकदम सोडतात, आठवड्याभरात न वाचलेल्या ब्रँचांचा (बदललेल्या कोडच्या वेगळ्या शाखांचा) ढीग साचतो आणि मग सगळंच सोडून देतात.

हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ साली सरकती ओळ आली आणि मोटारीचा सांगाडा जोडायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून पुढच्या वर्षी सुमारे दीड तासावर आला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याआधी प्रत्येक सुटा भाग मापात आहे की नाही हे तपासण्याची व्यवस्था तिथे बसलेली होती, म्हणून कुठलाही भाग कुठल्याही गाडीला कानस न मारता बसत होता. हे नसतं, तर सरकत्या पट्ट्याने गोंधळच पुढे ढकलला असता. एजंटांच्या बाबतीतही हेच होतं.

ओळ म्हणजे नेमकं काय

एक काम आत येतं, ठरलेल्या क्रमाने चार-पाच स्टेशनांवरून जातं आणि शेवटी मर्ज करण्याजोगी, म्हणजे मुख्य कोडमध्ये जोडण्याजोगी, ब्रँच बाहेर पडते. प्रत्येक स्टेशनवर एजंट कोऱ्या सेशनमध्ये सुरू होतो. आधीच्या स्टेशनवर काय बोलणं झालं ते त्याला मिळत नाही, फक्त तिथे लिहिलेली फाइल मिळते. स्वतःचं काम झालं की तोही एक फाइल लिहितो आणि सेशन बंद होतं.

कोरं सेशन हवंच. संवाद लांबला की सुरुवातीच्या सूचनांचं वजन कमी होत जातं, शिवाय लिहिणाऱ्याच्या मनातली समर्थनं तपासणाऱ्याच्याही डोक्यात शिरतात. ज्याने ती समर्थनं ऐकलेलीच नाहीत, तो कोडमध्ये जे आहे तेवढंच वाचतो.

२०२३ मध्ये मेटाजीपीटी आणि चॅटडेव्ह या प्रकल्पांनी एजंटांना प्रॉडक्ट मॅनेजर, आर्किटेक्ट, टेस्टर अशा भूमिका देऊन अख्खी कंपनीच उभी केली होती. ते बघून अनेक जण प्रॉम्प्टची सुरुवात 'तू वीस वर्षांचा अनुभव असलेला इंजिनिअर आहेस' अशी करतात. माझ्या मते पदनामाने फारसं काही साधत नाही. कुठली फाइल वाचायची, कुठल्या फोल्डरमध्ये लिहायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवून दिल्याने खूप साधतं.

उदाहरण म्हणून सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचं ॲप घेऊ. नियम ठरलेले आहेत, आकडे पडताळता येतात, आणि बिल चुकलं तर वार्षिक सभेत उत्तर द्यावं लागतं.

काय काय हाताशी हवं

साधनं:
- गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) असलेला रेपो, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडचं फोल्डर, आणि मुख्य ब्रँचवर थेट पुश (बदल चढवणं) बंद केलेलं
- एका कमांडवर चालणारी तपासणी: फॉरमॅट, टाइप-चेक आणि टेस्ट एकत्र
- हीच तपासणी प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर) आपोआप चालवणारी सीआय यंत्रणा
- टर्मिनलवर स्क्रिप्टमधून चालवता येईल असा एजंट
- डॉकर किंवा तत्सम बंदिस्त जागा
- एपीआय खात्यावर (एजंटच्या वापराचे पैसे जिथे मोजले जातात) महिन्याच्या खर्चाची मर्यादा

कागद:
- सोसायटीचे मंजूर उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव
- खजिनदारांनी हाताने तपासलेली जुनी बिलं, नावं आणि फोन नंबर काढून टाकलेली
- वेगवेगळ्या प्रकारच्या सभासदांची यादी: स्वतः राहणारे, भाड्याने दिलेले, थकबाकीदार, दोन सदनिका असलेले

सभासदांचा खरा डेटा एजंटला देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे म्हणून तर देऊ नकाच, पण शेजाऱ्यांच्या थकबाकीची माहिती सांभाळणं ही तुमची जबाबदारी आहे म्हणूनही देऊ नका. नमुना डेटा बनवायला एजंटलाच सांगा, ते काम तो छान करतो.

१. हे काम ओळीवर टाकण्याजोगं आहे का, ते ठरवा

साधी कसोटी लावा: काम बरोबर झालं की नाही हे कोड न वाचता सांगता येईल का? 'भाड्याने दिलेल्या सदनिकेला बिनभोगवटा शुल्क लावा' हे सांगता येतं (सभासद स्वतः राहत नसलेल्या सदनिकेवरचं हे शुल्क), कारण बिलावरचा आकडा बघितला की कळतं. 'डॅशबोर्ड जरा छान दिसू दे' हे नाही सांगता येत. असलं काम स्वतः एजंटबरोबर बसून करा. डेटाबेसची रचना पहिल्यांदा ठरवणं, लॉगिन आणि परवानग्या, पैसे भरण्याचा मार्ग, ही कामंही सुरुवातीला ओळीबाहेरच ठेवा.

कामाचा आकारही बघा. बदललेला कोड एका बैठकीत शांतपणे वाचून होणार नसेल, तर काम मोठं आहे. त्याचे तुकडे करा.

२. शेवटचं स्टेशन आधी बांधा

शेवटचं स्टेशन म्हणजे आपोआप होणारी तपासणी. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

'तपासा' अशी एकच कमांड करा. ती चालवली की फॉरमॅट, टाइप आणि सगळ्या टेस्ट चालल्या पाहिजेत, आणि काहीही चुकलं तर तिने थांबून स्पष्ट कारण सांगितलं पाहिजे. 'एरर आली' एवढ्यावर एजंट अंदाजाने चाचपडत बसतो. 'सदनिका ब-२०४, अपेक्षित ३१८०, आलं ३३००' असं दिसलं की तो नेमक्या जागी जातो. टेस्टचा संदेश आता माणसाबरोबर एजंटसाठीही लिहायचा असतो, हे लक्षात ठेवा.

तपासणीचा वेळ कमी ठेवा. एजंट ती दिवसभरात पुन्हा पुन्हा चालवणार आहे. ती फार रेंगाळली तर ओळ तिथेच अडते.

मग जुनी बिलं आणा. खजिनदारांनी तपासलेली वीस-पंचवीस बिलं जशीच्या तशी अपेक्षित उत्तरं म्हणून एका फोल्डरमध्ये ठेवा. ॲपने त्याच सभासदांची बिलं काढायची आणि पैशापर्यंत जुळवायची. एजंटने लिहिलेल्या टेस्टपेक्षा या बिलांवर माझा जास्त भरवसा असतो. टेस्ट आणि कोड दोन्ही एकाच गैरसमजातून लिहिले गेले असू शकतात. खजिनदारांचं बिल त्या गैरसमजाच्या बाहेरचं असतं.

आता या फोल्डरला कुलूप लावा. टेस्ट पास होत नसेल तर एजंट कधी कधी टेस्टच बदलतो, वगळतो, किंवा कोडमध्ये तेवढ्याच एका उदाहरणासाठी खास 'जर' घालून ठेवतो. त्याच्या दृष्टीने काम फत्ते झालेलं असतं. म्हणून अपेक्षित बिलांच्या फोल्डरमध्ये काहीही बदललं की सीआय नापास झाली पाहिजे. क्लॉड कोडमध्ये हुक (ठरावीक क्रियेआधी आपोआप चालणारी कमांड) लावून त्या फोल्डरमध्ये लिहिणं आधीच अडवता येतं. 'टेस्ट बदलू नकोस' असं प्रॉम्प्टमध्ये लिहिणं ही विनंती झाली. अडसर यंत्रणेत हवा.

जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचं मोठेपण असं, की धागा तुटला की माग स्वतःहून थांबायचा. त्यामुळे एक माणूस अनेक माग सांभाळू शकला, कारण चालू मागाकडे टक लावून बसायची गरज उरली नाही. तुमच्या ओळीतही असं आपोआप थांबणं आलं, की मगच एजंट वाढवायला अर्थ आहे.

३. मागणीपत्र लिहा, आणि ते स्वतः लिहा

हे काम एजंटवर सोपवू नका. त्याच्याकडून शंका काढून घ्या, भाषा नीट करून घ्या, पण उत्तरं तुमची हवीत. बिनभोगवटा शुल्काचंच बघा. अनेक जण एवढंच लिहितात:

'सदनिका भाड्याने दिली असेल तर बिलावर १० टक्के बिनभोगवटा शुल्क लावा.'

वाक्य वाचायला ठीक वाटतं, पण एजंट एकूण बिलाच्या १० टक्के लावून मोकळा होईल. महाराष्ट्रात ही मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे. मालमत्ता कर त्यात धरत नाहीत. शिवाय सदनिकेत सभासदाची लग्न झालेली मुलगी राहत असेल, तर सभासद स्वतः तिथे राहत नसला तरी हे शुल्क लागत नाही. हे सगळं तुम्हाला आणि खजिनदारांना माहीत असतं, एजंटला नाही. आणि अडचण अशी, की माहीत नसलं तरी तो विचारत नाही, बेधडक लिहितो.

मागणीपत्र असं हवं:

काम: भाड्याने दिलेल्या सदनिकेच्या बिलात बिनभोगवटा शुल्काची वेगळी ओळ.
नियम: फक्त सेवाशुल्काच्या १० टक्के. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड यांवर नाही.
उदाहरण १: सेवाशुल्क १८००, मालमत्ता कर ६५०, पाणीपट्टी ३००, सिंकिंग फंड २५०. शुल्क १८०. एकूण ३१८०.
उदाहरण २: तीच सदनिका, राहणारी व्यक्ती सभासदाची विवाहित मुलगी. शुल्क ०. एकूण ३०००.
उदाहरण ३: महिन्याच्या मधेच भाडेकरू आला. सभेचा ठराव बघून पूर्ण महिना धरायचा. दिवसांची वाटणी नाही.
हात लावायचा नाही: व्याजाचा हिशेब, पावती क्रमांक, जुनी बिलं.
झालं असं केव्हा म्हणायचं: तिन्ही उदाहरणं जुळली, आणि स्वतः राहणाऱ्या सभासदांच्या बिलात एक पैसाही बदलला नाही.

पहिल्या उदाहरणात चुकीचा अर्थ लावला तर शुल्क ३०० आणि एकूण ३३०० येतं. म्हणजे दोन अर्थ लावले की दोन वेगळी उत्तरं येतील असेच आकडे मी निवडले आहेत. उदाहरण निवडताना हेच तत्त्व ठेवा. जिथे चुकीचा अर्थ लावूनही उत्तर बरोबरच येतं, ते उदाहरण कुचकामी.

व्याजाचंही तसंच. उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज असतं. ठरावातला दर वर्षाला १२ टक्के धरला तर ५००० रुपयांच्या थकबाकीवर दर महिन्याला ५० रुपये. एजंटने चक्रवाढ धरलं तर दुसऱ्या महिन्यात ५०.५० येतील. एकाच महिन्याचं उदाहरण दिलंत तर हा फरक दिसणारच नाही, दोन-तीन महिन्यांचं द्या. आणि रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात साठवायची, हे नियमफाइलमध्ये (एजंट दर वेळी वाचतो ती फाइल, पाचव्या पायरीत बघू) एकदा लिहून ठेवा, म्हणजे दशांश अपूर्णांकांच्या गोळाबेरजेत पैसे हरवत नाहीत.

४. मधली स्टेशनं

सुरुवातीला चारच ठेवा.

नियोजन. मागणीपत्र आणि रेपो वाचून एक योजना फाइल लिहायची: कुठल्या फाइल बदलणार, कुठल्या क्रमाने, कुठल्या शंका आहेत. कोडला हात लावायची परवानगी नाही. या स्टेशननंतर तुम्ही थांबून योजना वाचा. इथे वाचायला पाच मिनिटं लागतात आणि इथे पकडलेली चूक सगळ्यात स्वस्त पडते. योजनेत एकही शंका नसेल, तर मला जास्त काळजी वाटते. मी मग मुद्दाम विचारतो, 'यात काय गृहीत धरलं आहेस त्याची यादी दे.'

टेस्ट. मागणीपत्रातल्या उदाहरणांच्या टेस्ट लिहायच्या आणि त्या आत्ता नापास होतात हे चालवून दाखवायचं. कोड नसतानाच टेस्ट पास झाली, तर ती काहीच तपासत नाही. या एजंटला फक्त टेस्टच्या फोल्डरमध्ये लिहिता येतं.

कोड. योजना आणि टेस्ट घेऊन कोड लिहायचा. टेस्टच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही.

परीक्षण. मागणीपत्र आणि बदललेला कोड एवढंच द्यायचं. योजना देऊ नका, नाहीतर तो योजनेशी जुळतंय का एवढंच बघतो, आणि योजनाच चुकलेली असेल तर ते निसटतं. 'कोड कसा आहे?' असं मोघम विचारू नका. 'मागणीपत्रातला प्रत्येक नियम कुठल्या ओळीत पाळला आहे ते दाखव, आणि न मागितलेलं काय बदललं आहे त्याची यादी दे' असं विचारा. शक्य असेल तर इथे दुसऱ्या कंपनीचं मॉडेल वापरा, म्हणजे लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची नजर एकच राहणार नाही.

हे सगळं एकामागून एक चालवायला साधी शेल स्क्रिप्ट पुरते. 'मुख्य एजंट' नेमून त्याच्या हाताखाली बाकीचे ठेवायचा मोह होतो, कारण हल्ली साधनांमध्ये ती सोय आयतीच असते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. स्क्रिप्ट कुठे थांबली ते कळतं, तिथून पुन्हा सुरू करता येते. मुख्य एजंटने कुठलं स्टेशन का वगळलं, ते शोधण्यात अख्खी दुपार जाते.

५. नियमफाइल आटोपशीर ठेवा

क्लॉड कोड 'क्लॉड डॉट एमडी' ही फाइल वाचतो, कोडेक्स आणि इतर बरेच 'एजंट्स डॉट एमडी' वाचतात. तपासणीची कमांड, फोल्डरांची ओळख, रक्कम पैशांत साठवण्यासारखे न मोडायचे नियम, एवढंच त्यात हवं. एक-दोन पानांच्या पुढे गेली की तिचा प्रभाव कमी होतो. फॉरमॅटर जे आपोआप करतो ते शब्दांत लिहू नका.

भाषेचा प्रश्न नेहमी विचारला जातो. मागणीपत्र मराठीत लिहिलं तरी चालतं, मोठी मॉडेलं ते नीट समजतात. देवनागरीला टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जास्त लागतात एवढंच. पण कोडमधली नावं आणि मागणीपत्रातले शब्द यांची जोडी लावणारी एक छोटी यादी ठेवाच. नाहीतर बिनभोगवटा शुल्काला एका फाइलमध्ये एक नाव आणि दुसरीत भलतंच नाव पडतं.

६. प्रत्येकाला वेगळी जागा, आणि मोजक्याच किल्ल्या

दोन एजंट एकाच फोल्डरमध्ये काम करायला लागले की एकमेकांच्या फाइल पुसतात. गिटमध्ये २०१५ पासून वर्कट्रीची सोय आहे. एकाच रेपोच्या अनेक ब्रँच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये एकाच वेळी उघड्या ठेवता येतात. प्रत्येक कामाला एक वर्कट्री द्या, काम संपलं की ती काढून टाका. डेटाबेस आणि पोर्ट नंबरही वेगळे द्यायचे असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मग एकाच्या टेस्ट दुसऱ्याच्या डेटावर चालतात, कधी पास होतात, कधी नापास, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

किल्ल्यांबाबत मात्र कडक राहा. जुलै २०२५ मध्ये एका एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असतानाही, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकल्याची घटना खूप गाजली. सूचनेने हे थांबत नाही. ज्या जागेत एजंट चालतो तिथे खऱ्या डेटाबेसचा पासवर्डच असू नये. बँकेच्या, एसएमएसच्या, ईमेलच्या किल्ल्याही नकोत. सगळ्या परवानग्या एकदम देऊन टाकण्याचा पर्याय जवळपास प्रत्येक साधनात असतो, आणि दर वेळी 'हो' दाबून कंटाळल्यावर तो हवाहवासा वाटतो. तो वापरायचाच तर फक्त बंदिस्त कंटेनरमध्ये, इंटरनेट मोजक्या ठिकाणांपुरतं ठेवून.

आणखी दोन धोके इथेच सांगतो. एजंट बाहेरचं पान किंवा कोणाची तक्रार वाचत असेल, तर त्या मजकुरात दडवलेल्या सूचनाही तो पाळू शकतो. आणि कधी कधी तो अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं (बाहेरून आणायच्या तयार कोडचं) नाव सुचवतो. तेच नाव घेऊन कोणी घातक पॅकेज चढवून ठेवलेलं असू शकतं. म्हणून नवीन पॅकेज घालायचं असेल तर ओळ थांबायला हवी आणि माणसाने होकार द्यायला हवा.

७. फेऱ्यांना मर्यादा घाला

कोड आणि परीक्षण यांच्यात काम किती वेळा मागे-पुढे जाऊ शकतं, ते आधीच ठरवा. मी दोन फेऱ्या देतो. तेवढ्यात जमलं नाही, तर बहुधा मागणीपत्रात काहीतरी अस्पष्ट आहे किंवा काम मोठं आहे. तिसरी-चौथी फेरी दिली की कोडला ठिगळं लागत जातात आणि एपीआयचं बिल वाढतं. ओळ थांबली की ब्रँच दुरुस्त करत बसू नका. ती टाकून द्या, मागणीपत्र सुधारा आणि कोऱ्या सेशनमध्ये पुन्हा सोडा. लिहिलेला कोड टाकून देणं सुरुवातीला जिवावर येतं, पण तो पुन्हा लिहून घेणं आता स्वस्त आहे.

८. एका वेळी किती कामं

तुम्ही दिवसात नीट वाचू शकता तेवढीच. नोकरी सांभाळून हे करत असाल, तर दिवसाला दोन कामं खूप झाली. वाचायच्या राहिलेल्या ब्रँच तीनच्या वर गेल्या, की स्क्रिप्टने नवीन काम घ्यायलाच नकार द्यावा, अशी अटच घालून टाका. साचलेली ब्रँच नुसती पडून राहत नाही, शिळी होते. मुख्य ब्रँच पुढे गेलेली असते आणि जोडताना दोन्हीकडचे बदल एकमेकांशी भिडतात.

समांतर सोडताना एकमेकांपासून लांबची कामं निवडा. डेटाबेसची रचना बदलणारं काम एका वेळी एकच.

९. वाचायचं कसं

आधी बदललेल्या फाइलची नुसती यादी बघा. बिनभोगवटा शुल्काच्या कामात पावती क्रमांकाची फाइल दिसली, तर तिथेच थांबा आणि परत पाठवा. मग टेस्ट वाचा, मग कोड. परीक्षण एजंटचा अहवाल सगळ्यात शेवटी, नाहीतर तुमची नजर त्याच्या मागे जाते. शेवटी ॲप चालवून एक बिल प्रत्यक्ष काढा, छापील बिल कसं दिसतं ते बघा. ही पायरी वगळू नका.

१०. दोष निसटला तर ओळ दुरुस्त करा

सगळी स्टेशनं पार करूनही दोष बाहेर पडतात. एक उदाहरण जवळून बघू. सभासद शोधण्याच्या सोयीत 'ॲड.' टाइप केलं, तर काही वकील सभासद सापडायचे आणि काही नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या.

कारण असं, की 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलेलं सापडतं. एक म्हणजे त्याचं स्वतंत्र चिन्ह, जे युनिकोडमध्ये (अक्षरांचे संगणकीय क्रमांक ठरवणारं मानक) २००८ साली आलं. दुसरी जुनी तऱ्हा म्हणजे 'अ', त्यापुढे न दिसणारा जोडक, आणि मग अर्धचंद्र. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. एजंटने मजकुरावर एनएफसी हे प्रमाणीकरण (वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं अक्षर एका रूपात आणणं) लावलं होतं, आणि 'ऱ्य' मधल्या 'ऱ' साठी ते बरोबर चालतंही: 'र' खाली नुक्ता देऊन लिहिलेला 'ऱ' आणि एकसंध 'ऱ' त्याने एकच होतात. पण 'ॲ' च्या या दोन तऱ्हा युनिकोडच्या नियमाने समान धरलेल्या नाहीत, त्यामुळे त्या वेगळ्याच राहतात. त्यासाठी वेगळा बदल करावा लागतो.

अशा वेळी नुसता कोड नीट करून पुढे जाऊ नका. हा दोष कुठल्या स्टेशनवर पकडता आला असता ते विचारा. परीक्षण एजंटला तो दिसणं अवघड होतं. टेस्ट एजंटने लिहिलेली सगळी नावं एकाच तऱ्हेने टाइप झालेली होती. म्हणजे उणीव नमुना डेटात होती. उपाय तिथेच करायचा: वेगवेगळ्या कीबोर्डवरून आणि जुन्या एक्सेल शीटमधून आलेल्या नावांचा संच तपासणीच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये घालायचा. नियमफाइलमध्ये एक ओळ: शोधाआधी सगळा मजकूर एकाच फंक्शनमधून न्यायचा. मग ते काम पहिल्या स्टेशनपासून पुन्हा सोडायचं.

नवीन मॉडेल आलं की उलटही करून बघा. बारीक कामांसाठी नियोजनाचं स्टेशन काढून टाकलं तरी अपेक्षित बिलं जुळतात का? जुळत असतील तर ते स्टेशन त्या कामांपुरतं बंद करा, वेळ आणि टोकन दोन्ही वाचतील. टेस्ट आणि परीक्षण ही दोन स्टेशनं मात्र, निदान पैशाचा हिशेब करणाऱ्या कोडसाठी, मी अजून काढलेली नाहीत.